दुसरी खेप

दूध उतू गेलं, ओट्यावर पसरलं, पातेल्याच्या बुडाशी करपून काळं झालं, आणि मी तिथून दोन हातांच्या अंतरावर उभा राहून वर्तमानपत्र वाचत होतो. चंद्रा न्हाणीघरातून ओल्या केसांनीच धावत आली. तिनं गॅस बंद केला, पातेलं फडक्यानं उचलून मोरीत ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "वरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथंच उभे." मी म्हणालो, वाचत होतो. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली, तेव्हापासून हे उत्तर तिला पुरत आलं आहे. त्या दिवशीही पुरलं. मला मात्र पुरलं नाही. ती केस पुसायला गेल्यावर मी मोरीत वाकलो, त्या काळ्या बुडाला जवळजवळ नाक लावलं. ऊन वाफ आत गेली, डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून काही नव्हता. लसणीची पाकळी चेचून हुंगली. कपडे धुण्याचा साबण हुंगला. बाहेरच्या खोलीत तसबिरीपुढं उदबत्ती जळत होती, तिचा धूर दिसत होता, तेवढाच. आठवड्यानं डॉक्टरांनी तीन बाटल्या नाकाखाली धरल्या आणि विचारलं, कधीपासून येत नाही? मला सांगता येईना. दिसेनासं झालं तर माणूस ठेचकाळतो, ऐकू येईनासं झालं तर लोक ओरडतात. वासाचं तसं काही नाही. तो कधी गेला हे ज्याचा गेला त्यालाही कळत नाही. वयोमानानं होतं, डॉक्टर म्हणाले, जपून राहा, गॅस वगैरे. मी मान हलवली आणि दवाखान्याच्या जिन्यावर कठडा धरून उभा राहिलो. आबांचं असंच झालं होतं. माझ्या वडिलांचं. आणि ते जगात फक्त मला ठाऊक होतं.

आबांविषयी लिहायला बसलं की माझं नेहमी असं होतं की ते फार मोठे होतात किंवा फार बारीक. खरे तसे येत नाहीत. ते भट्टीवाले होते. मुळशीच्या धरणात गाव गेलं तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते. पुण्यात लष्कर भागात एका गोवेकर ख्रिस्ती माणसाच्या बेकरीत मैद्याची पोती वाहायला लागले, कारण तिथं नाव विचारलं, जात विचारली नाही. तीस वर्षांत ते पोत्यांवरून परातीकडे आणि परातीवरून भट्टीच्या तोंडाशी आले. मालक म्हातारा होऊन गोव्याला गेला, तेव्हा आबा पौडला, धरणातून उठलेल्या भाऊबंदांकडे आले आणि आमच्या लोकांच्या वस्तीच्या कडेला, रस्त्याला लागून, स्वतःच्या हातानं विटांची घुमटी भट्टी बांधली. सकाळी पाव, दुपारी बटर, आठवड्यातून दोनदा खारी. एसटी स्टँडवरची दोन्ही हॉटेलं त्यांच्याकडून माल घेत. आणि उरलेला सगळा वेळ छंद. हे सांगितलं की लोक हसतात. ते घड्याळं दुरुस्त करत. गुलाबावर कलमं बांधत. बुलबुल तरंग वाजवत, फार वाईट वाजवत. नदीवर गळ टाकून बसत, मासा लागला तर कधी कधी सोडून देत. खडकीच्या एका निवृत्त हवालदाराशी पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळत, एक डाव दीड-दीड वर्ष चाले. हाताला मैदा असे म्हणून ते कार्ड कोपरानं सरकवत. मला एकच छंद होता, वाचण्याचा. त्यांना त्याचा कोण अभिमान. "माझं धा छंद, धाही अर्धं," ते आल्यागेल्याला सांगत. "पोराला येकच हाय, पण पुरा हाय." पावाच्या खोक्यांच्या फळ्या रंधून त्यांनी माझ्यासाठी कपाट केलं. भट्टीच्या डाव्या अंगाला, जिथं भिंत ऊबदार असे, तिथं मैद्याच्या पोत्यांची बैठक माझी. मी पुण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो, चाळिशी ओलांडली, तरी सुट्टीत आलो की तिथंच बसून वाचायचो. ते फावडं आतबाहेर करत आणि मधूनच थांबत, मान किंचित वर उचलत, डोळे मिटत. मग झाकण काढत. घरात इतकी घड्याळं, पण भट्टीपुढं त्यांनी एकही कधी ठेवलं नाही.

मागच्या महिन्यात साहेबरावाचं पत्र आलं. साहेबराव माझ्या चुलतभावाचा मुलगा, पौडला शाळामास्तर. वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून नवं सभागृह झालं आहे, त्याला आबांचं नाव द्यायचं ठरलं आहे. तुम्ही लिहिणारे-वाचणारे, पत्रिकेत छापायला परिचय लिहून द्या. खाली अधोरेखित करून: नानकटाईचा प्रसंग सविस्तर लिहावा, तरुण पिढीला तोच माहीत आहे. मी ते पत्र घडी घालून पुस्तकात ठेवलं. मग दुसऱ्या पुस्तकात ठेवलं. तो प्रसंग तसा घडला नाही हे सांगू शकणारा माणूस मी एकटा उरलो होतो. पंधरा वर्षं मी ते सांगितलं नव्हतं, आणि आता जे घडलंच नाही ते पत्रिकेत छापलं जाणार होतं.

प्रसंग त्र्याहत्तर सालच्या दिवाळीचा. दिवाळीआधी चार-पाच दिवस गावातल्या बायका आपापला मैदा, डालडा, पिठीसाखर डब्यांत घालून भट्टीवर आणत. पुण्यात बेकरीवाला सगळं मळून भाजून देतो. पौडात तसं नव्हतं. गावच्या बायका भट्टीपासून पन्नास पावलांवर आंब्याखाली स्वतःच्या सतरंज्या टाकत, स्वतःच्या पराती मांडत, स्वतः तूप फेसत, स्वतः गोळे वळून पत्र्यांवर मांडत, आणि पत्रा आणून भट्टीच्या तोंडाशी फळीवर ठेवून मागं सरत. मग आबा फावड्यानं तो आत लोटत. भाजून झाल्यावर फळीवर काढून ठेवत आणि स्वतः मागं सरत. पीठ त्यांचं, हात त्यांचे. आबांच्या वाट्याला फावड्याचा दांडा आणि विस्तव. विस्तवाला विटाळ नाही, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून घेतलं होतं. त्याच घरांतले पुरुष स्टँडवर आबांनी मळलेला पाव चहात बुडवून खात, त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. आणि क्रम असा, की आधी गावाचे पत्रे, ते संपले की वस्तीचे. भट्टी सकाळी पेटवून, निखारे ओढून काढून, बेताची झाली की नानकटाईला तिची पहिली ऊब लागते. वस्तीची पाळी येईपर्यंत ती निवलेली असे. आमची नानकटाई पांढरी, दाताला चिकटणारी. माझ्या मुलीला लहानपणी वाटे की नानकटाईचा रंगच पांढरा असतो.

त्या वर्षी मी आठ दिवस आधी गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी आबा मला नदीवर घेऊन गेले, गळ टाकला आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "वाल्मीक, माझं नाक गेलंया." पावसाळ्यात ताप आला होता, त्यातून उठले ते असे. दोन महिने ते पाव अंदाजानं काढत होते, फावड्याच्या टोकानं एक ओढून, दाबून. "पावाचं जमतंय. नानकटाईचं न्हाई जमायचं. झाकन काढून बगाय गेलं की बसती ती." कुणाला सांगितलंत का, मी विचारलं. "तुला सांगितलं. दुसऱ्याला नगं." त्यांचं दुःख केवढं होतं ते मला तेव्हा कळलं असेल, असं मला वाटत नाही. कारण मी बोललो ते भलतंच. मी म्हणालो, आबा, आपल्या वस्तीचे पत्रे शेवटी का? मी पुष्कळ वाचलं होतं. ग्रंथालयात दुपारचा चहा येई तेव्हा मी सगळ्यांचे कप उचलले गेल्यावर उरलेला घेत असे आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पण नदीकाठी, अडुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्यापुढं, मी तासभर बोललो. समता वगैरे. ते ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी एक घड्याळ उघडून बसले असताना मान वर न करता म्हणाले, "पयली खेप सोपी. भट्टी आपली आपण भाजती. दुसऱ्या खेपंला पुरं भाजायचं तर निखारं परत आत घ्यावं लागत्यात, आच कुटं कशी लागंल नेम न्हाई. तितं नाकाचंच काम." आणि थोड्या वेळानं, "तू बसशील का नाक घेऊन?" मी म्हणालो, बसतो. "मग वस्तीचं आधी घेऊ." हे त्यांनी माझ्यासाठी केलं, की स्वतःसाठी, की वस्तीसाठी? पंधरा वर्षं मी हा हिशेब मांडतो आहे.

वस्तीची खेप सोन्यासारखी निघाली. माझी आई, जाईबाई, तेव्हा हयात होती. तिनं एक उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि पत्र्यावर परत ठेवली, जशी दुसऱ्या कुणाची असावी. शेजारची भीमाबाई म्हणाली, "आगं खा की, तुजीच हाय ती." बायका हसल्या. आंब्याखाली कुणी हसलं नाही. मग आबांनी निखारे आत घेतले, कडेला सारले, गावाचे चौदा पत्रे एकेक करून लोटले, झाकण लावून फटीवर ओलं पोतं टाकलं. तेवढ्यात हैबतराव पाटील आले. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. ते रस्त्यावरूनच म्हणाले, "कोंडिबा, हिकडं ये जरा. ह्ये काय ऐकतूय आमी?" आबांनी हात पुसले. "वाल्मीक, हाय ना ध्यान?" "आहे." ते बाहेर गेले. मला दारातून ते दिसत होते. "गावाच्या आदी वस्ती? कवापास्नं?" "येक वर्स, पाटील. बगा तरी." "आज पत्रं, उद्या काय? पंगतीत बी आदी बसशीला." आबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ते मान खाली घालून, हातातला पंचा घडी करत, उलगडत, घडी करत उभे होते. मी पोत्यावर टेकलो आणि पुस्तक उघडलं.

यापुढचं मी आजवर स्वतःला असं सांगत आलो: मी वाचनात बुडालो. मला भान राहिलं नाही. धूर दिसला तेव्हा आंब्याखालून गावातली रंभाबाई ओरडत होती, "जळ्ळं गं बया, समदं जळ्ळं." आबा धावत आले, पोतं भिरकावलं, झाकण ओढलं, नुसत्या हातानं पत्रे बाहेर घेतले. सगळे काळे. त्यांनी एक नानकटाई उचलली, मोडली आणि सवयीनं नाकाशी नेली. तो हात तिथंच थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं बोट पुस्तकात खूण म्हणून अडकवलेलं होतं. मागून हैबतराव म्हणाले, "वस्तीचं पिवळं आन गावाचं काळं. कळलं आमाला." सगळे आबा काय बोलतात याची वाट बघत होते. माझं नाक गेलंय, एवढं म्हणायचं होतं. किंवा, पोरगं वाचत बसलं. मीही म्हणू शकलो असतो. आबा म्हणाले, "व्हय. झालं खरं." आणि काळे पत्रे एकावर एक रचू लागले.

गावाच्या बायका पुन्हा आल्या नाहीत. हॉटेलांनी पाव पुण्याहून मागवायला सुरुवात केली. हे सगळं महिन्याभरात झालं. पण आबांना त्यानं मारलं नाही, असं मला वाटतं. त्यांना मारलं ते आमच्या लोकांनी, प्रेमानं. त्याच संध्याकाळी वस्तीतली माणसं भट्टीवर जमली. "कोंडिबा, बरी जिरवली." "सात पिढ्यांचं एका घाण्यात काढलंस." कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. पन्नास वर्षांत ज्यानं एक डागळलेला पाव कधी विकला नाही, त्याला जाळल्याबद्दल शाबासकी मिळत होती. ते उठले, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. पुढं गुलाब वाळले. बुलबुल तरंगाच्या तारा गंजल्या. हवालदाराची पोस्टकार्डं येत राहिली, सगळ्यांवर एकच मजकूर, आपली खेळी कळवावी. भट्टीत एक कुत्री व्याली. मी रविवारी जायचो, पिशवीत पुस्तक असायचं. आबा विचारत, "काय वाचतुयास?" मी गोष्ट सांगायचो, ते शेवटपर्यंत ऐकायचे. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात ते गेले. त्यांनी मला वाचवलं, असं मी ठरवून टाकलं होतं. मधूनच वाटे, तसं नसेल. निकामी कारागीर म्हणवून घेण्यापेक्षा त्यांना वैरी म्हणवून घेणं बरं वाटलं असेल. दोन्हींत माझं बोट पुस्तकातच होतं.

मी परिचय लिहून पाठवला, त्यात प्रसंग घातला नाही. पत्रिका छापून आली त्यात तो होता, साहेबरावाच्या शब्दांत. कार्यक्रमाच्या सकाळी पहिल्या एसटीनं पौडला गेलो आणि साहेबरावाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "काका, चहा घ्या आधी. तुम्ही वाचत होता, एवढंच ना? त्याला इतकी वर्षं झाली. आणि पोरांना सांगायला आपल्याकडं दुसरं काय आहे? गावात आपण मोर्चा नाही काढला, विहीर नाही उघडली. एक कोंडिबा आहेत. ते पण तुम्ही काढून घेणार?" मी चहा घेतला. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. पण व्यासपीठावर बसलो, समोर आबांचा मोठा केलेला फोटो होता, पुण्यात कधीतरी काढलेला, टोपी नीट बसवलेली, आणि साहेबराव माइकवर म्हणाला, "आजोबांनी हातात काठी घेतली नाही, मशाल घेतली नाही. चौदा ट्रे जाळले आणि गावाला आरसा दाखवला." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आबांची ती पाठ मला दिसली, भिंतीकडे तोंड केलेली. दोन शब्द बोला म्हणून मला उठवलं. मी जन्मात कधी माइकपुढं उभा राहिलो नव्हतो. मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही पत्रा मुद्दाम जाळला नाही. त्यांना वास येत नव्हता. त्यांनी मला बसवलं होतं. मी वाचत होतो."

मी माइकपासून मागं सरलो. मग मागून एक जाड आवाज आला, "म्हंजी बापल्योक दोघं मिळून. वाचायचं सोंग घिऊन बसला व्हता गडी." कुणीतरी हसलं. दुसरं कुणी हसलं. आणि पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जास्त. मी हात वर करून नाही, नाही म्हणत होतो, ते त्यांना नमस्कारासारखं दिसलं असावं. साहेबरावानं माइक घेतला, माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "काकांचा विनय आपण समजून घेऊ." कॉलेजात शिकणारा एक तरुण पुढं येऊन माझ्या पाया पडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते खोटं ठरवता आलं नाही.

बाहेर पायरीवर रंभाबाई बसली होती. आताशा गावातल्या दोन-चार घरांना बोलावणं जातं, ती नातवाबरोबर आली होती. सत्तरी उलटलेली, पांढऱ्या केसांचा एवढासा बुचडा. मी खाली वाकलो. "ओळखलंत का, मावशी?" "वळखलं की. कोंडिबाचं थोरलं पुस्तक." ती हसली नाही. "खरं बोलत व्हतास का आत?" "खरं. त्यांनी मुद्दाम नाही केलं." ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी लई सराप दिलं त्याला. दर दिवाळीला. त्यो मेला तवा बी म्हनलं, बरं झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याचं नाक गेलं व्हतं म्हनलास." "हो." "आन तुजं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती चप्पल शोधत होती, पायानं चाचपडत, आणि बोलत होती, रागानं नाही, जसं एखादी गोष्ट नुसती जुळवून बघावी. "मी आंब्याखाली व्हते. पन्नास पावलं. मला आला वास. म्हनलं असंल, आत बसलाय की वाल्मीक, शिकल्याला हाय, त्याला कळत असंल. गावच्या बाईनं भट्टीशी कसं जायचं मदीच? पान जुळवलं, खाल्लं, थुकलं. तरी कुनी झाकन काडंना. तवा वरडले. तू तर भट्टीला टेकून व्हतास, लेका."

तिचं पान खाऊन होईपर्यंतचा तो वेळ. तो आजवर मी कधी उघडला नव्हता. आता तो माझ्यापुढं होता, साधा, स्वच्छ. आधी गोड वास, तुपाचा, मग थोडा खमंग, आणि त्या खमंगाच्या टोकाला आबा जिथं मान वर करत असत ती नेमकी जागा. ती आली, आणि माझी मानही वर झाली. दारातून मला सतरंज्या दिसल्या, पराती दिसल्या, आबांच्या तोंडापुढं हलणारं हैबतरावांचं बोट दिसलं, आबांच्या हातातला पंचा दिसला. मी मान खाली घातली आणि ओळ वाचली. मग तीच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा तीच. वास कडू होत गेला, मी तीच ओळ वाचत होतो. पान उलटलं नव्हतं.

"आला होता," मी म्हणालो.

रंभाबाईनं माझ्याकडे वर बघितलं. नातू तिचा दंड धरून तिला उठवत होता. आत साहेबराव माइकवरून चहासाठी सगळ्यांना थांबायला सांगत होता.

"आन कोंडिबाला ह्ये ठावं व्हतं?"

"त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मावशी. झाकण काढल्यावर. बराच वेळ पाहिलं."

"मग म्हनूनच गप बसला त्यो," ती म्हणाली, आणि नातवाच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी उतरू लागली.